काचेवरची अंडी, शिंपल्यावरचे कण

भाचीबाई, काचेवर पांढरे ठिपके दिसले म्हणून रात्री फोटो पाठवलास आणि खाली विचारलंस, "मामा, ब्लेडने खरवडून टाकू का?" थांब जरा. ब्लेड ठेव, चहा टाक आणि हे निवांत वाच. एडिसनच्या तुमच्या घरात 75 गॅलनचा रीफ टँक लागला, त्यात ट्रोकस गोगलगाई फिरतायत, क्लॅम उघडतोय, झोआ पसरतायत, याचं मला किती कौतुक आहे ते तुझ्या आईला विचार. ऐकून ऐकून तिचे कान किटलेत. पण खाऱ्या पाण्यात घाई चालत नाही. तुझ्या टँकमध्ये दिसतात ती बहुतेक अंडी सुखाची खूण आहेत, आणि जी गोगलगाय खरोखर दुसऱ्याच्या जिवावर जगते तिची अंडी काचेवर सहसा सापडतच नाहीत.

म्हणून एक वाक्य आधी पाठ कर, माझ्या पदरचं आहे: काचेवरची अंडी चरणाऱ्याची, अंगावरची अंडी चोरणाऱ्याची.

आता काचेपासून सुरुवात करू.

1. अंडी दिसली की पहिल्या दिवशी फक्त फोटो काढ, शेजारी मोजपट्टी धरून — चार दिवसांनी ती फुगली, फुटली की तशीच राहिली हे फोटो सांगतो, आठवण सांगत नाही.

2. पांढऱ्या बारीक दोऱ्याची नागमोडी रेघ, वळणाला वळण लागून काचेवर चिकटलेली दिसली तर ती सेरिथची — खायला पुरेसं मिळत असल्याशिवाय ही बाई अंड्यांच्या फंदात पडत नाही, तेव्हा तुझं काहीतरी बरं चाललंय.

3. पारदर्शक, चपट्या, तिळाएवढ्या थैल्या, सुट्या पण रांगेने लावलेल्या, त्या नॅसॅरियसच्या. टॉर्च समोरून मारू नकोस, बाजूने मार आणि भिंग काचेला टेकव — एकेका थैलीत बरेच ठिपके दिसतील, आणि दोन-चार दिवसांनी तेच ठिपके आतल्या आत गरगर फिरताना दिसतील. हे पाहण्यासाठी शेजारच्या मुलांनाही बोलाव. असं शाळेत दाखवत नाहीत.

4. कडक पांढरे दाणे, दगडावर, काचेवर, कधी दुसऱ्या गोगलगाईच्या पाठीवरसुद्धा, ते नेराइटचे; माझ्या वाक्याला हा अपवाद. डोळ्यांना खुपत असतील तर काढ, नाहीतर राहू दे — अपाय काहीच नाही, फक्त नखाने निघत नाहीत एवढंच.

5. वाळूवर गुंतवळासारखा दोरा आणि त्याला वाळूचे कण चिकटलेले, तो छोट्या कॉन्चचा. झाडूनपुसून फेकू नकोस — वाळू उकरत राहणारी ती गोगलगाय तुझ्या टँकमधली सगळ्यात कामसू आहे.

6. एकेकटी, घुमटाच्या आकाराची, पारदर्शक थैली इथे एक, तिथे एक दिसली, तर कोलुंबेला जातीच्या चिमुकल्या गोगलगाईची समज. यांच्यातल्या काहींची पिल्लं थैलीतून थेट रांगतच बाहेर येतात — म्हणून चार आणलेल्या असताना वर्षाने जागोजागी दिसल्या तर दचकू नकोस.

7. ट्रोकस आणि टर्बो अंडी चिकटवतच नाहीत. संध्याकाळी काचेच्या वरच्या कडेला चढतात आणि पाण्यात पांढरा धूर सोडतात — त्या रात्री स्किमरचा पेला भरून वाहिला तर यंत्र बिघडलं असं समजून दुकानात पळू नकोस.

8. धूर फार झाला असेल तर कार्बन लाव, दुसऱ्या दिवशी थोडं पाणी बदल आणि विषय संपव — माशांना फुकटची मेजवानी मिळाली, तुला मिळाला तर थोडा अमोनिया मिळेल.

9. अंडी घातली म्हणजे पिल्लं भरणार, अशी धास्ती घेऊ नकोस. सेरिथ, नॅसॅरियस, नेराइट यांची बाळं आधी पाण्यात तरंगत वाढतात — आणि तुझ्या टँकमध्ये तरंगणाऱ्याच्या वाटेवर पंप आहे, स्किमर आहे आणि भुकेलं कोरलही आहे.

10. ट्रोकसची बाळं मात्र थोड्याच दिवसांत तळाला बसतात, त्यामुळे टँकमध्ये ती खरोखर वाढतात. दगडाच्या फटीत डाळीच्या दाण्याएवढी शंकूसारखी शंखी दिसली तर आधी तिच्या आईबापांकडे बघ — निम्म्या वेळा नवीन पाहुणा घरचाच असतो.

11. नारिंगी दाण्यांचा दाट पट्टा आणि शेजारी फणकारणारा क्लाउनफिश दिसला, तर ती गोगलगाईची अंडी नव्हेत. हात घालू नकोस — चावतो.

12. कवडी एकाच जागी बसून राहिली आणि हलेना, तर तिला उचलून बघू नकोस — कवडीची मादी अंड्यांवर बसून राहते, तिला उठवलंस की अंडी माशांची.

आता काही अंडी अशीही आहेत की ती पाहून सावध व्हायला हवं. ती तेवढी नीट ओळख.

13. चामड्यासारख्या चिवट, उभट, सुरईच्या आकाराच्या थैल्यांचा झुपका दगडाच्या पोटाखाली दिसला, तर घालणारी मांसाहारी आहे असं धर आणि तिला शोध — म्युरेक्सच्या कुळातल्या गोगलगाई तुझ्या ट्रोकसच्या शंखाला बारीक गोल भोक पाडून आतला जीव खातात.

14. रिकामा शंख सापडला की टाकण्याआधी उजेडात धरून फिरव. भोक असेल तर खुनी घरात आहे, भोक नसेल तर बहुधा भूक, पडझड किंवा म्हातारपण — मेलेला शंख खोटं बोलत नाही.

15. पांढरी फीत किंवा गुंडाळी केलेला जेलीचा दोरा ही बिनशंखाच्या गोगलगाईची, न्यूडिब्रँकची खूण. एप्टेशिया नावाचं उपद्रवी अ‍ॅनिमोन खायला तू बर्घिया न्यूडिब्रँक आणली असशील तर पेढे वाट. आणली नसशील तर ती गुंडाळी कशावर घातलीय ते बघ — न्यूडिब्रँक अंडी घालते ती आपल्या ताटाशेजारीच.

16. मॉन्टिपोराची थाळी महिन्यातून एकदा उलटी करून बघ. खालच्या बाजूला, जिवंत आणि मेलेल्या भागाच्या सीमेवर, पांढरे पुंजके असतील तर ते मॉन्टिपोरा खाणाऱ्या न्यूडिब्रँकचे — वरून कोरल देखणं दिसत असतं आणि खालून कडेकडेने संपत असतं.

17. अ‍ॅक्रोपोराच्या बुंध्याशी, मेलेल्या भागावर, सोनेरी-तपकिरी ठिपक्यांचा थर दिसला तर तो गोगलगाईचा नव्हेच, चपट्या किड्याचा आहे. तोही तितकाच वाईट — आणि त्याच्या अंड्यांवर डिपचा, म्हणजे औषधी पाण्यात बुडवण्याचा, परिणाम होत नाही, खरवडून काढावी लागतात.

अंड्यांचे आकार पुस्तकातून शिकू नकोस, तुझ्याकडे तर अख्खा किनारा आहे. सुट्टीच्या दिवशी सँडी हुकला जा. भरतीच्या रेषेवर एकाच दोरीत ओवलेल्या चकत्यांची हातभर लांब माळ पडलेली सापडेल, ती व्हेल्क नावाच्या मोठ्या शंखाची अंडी. गाठींच्या व्हेल्कच्या चकतीची कड नाण्यासारखी सपाट असते, आणि खोबणीच्या व्हेल्कची चिमटीत दाबल्यासारखी धारदार. गाठींचा व्हेल्क तर 1995 पासून न्यू जर्सीचा राज्यशंख आहे, म्हणजे तू त्याच्याच राज्यात राहतेस. वाळूचीच घडवल्यासारखी एक पातळ, उघडी कॉलर दिसेल, ती मून स्नेलची. मातीचा कुंभ समजून लोक तुडवून जातात. हातात घे, बघ, परत ठेव. घरी आणू नकोस, तिथलं काहीही आणू नकोस. ही थंड पाण्यातली माणसं, आणि व्हेल्क व मून स्नेल दोघंही शिंपल्यातला जीव खाणारी.

18. चिखलात लाखोंनी दिसणारी काळपट मड स्नेल दुकानात कधीकधी नॅसॅरियस म्हणून विकतात. घेऊ नकोस — तुझ्याच किनाऱ्याची आहे, 25-26 अंशांच्या पाण्यात तिचं आयुष्य भरत नाही, आणि मेलेली वाळूखाली सडते.

आता खऱ्या चोराकडे येऊ. त्याचं नाव पिरॅमिडेलिड. तांदळाच्या कणीएवढी, पांढरी, टोकदार गोगलगाय. हिला चरायला दातांची पट्टीच नसते. लांब सोंड असते, सोंडेच्या टोकाला टोचणारी सुई असते, आणि ती यजमानाच्या मांसात खुपसून अंगरस ओढते. एक-दोन असतील तर क्लॅमला फार फरक पडत नाही. पण ती एक-दोन राहत नाहीत. पॅसिफिकमधल्या पलाऊ आणि सॉलोमन बेटांवर मोठे क्लॅम वाढवणाऱ्यांना या कण्यांनी पुरतं दमवलंय, लहान क्लॅमला तर त्या जीवघेण्या ठरतात. आपल्याकडे म्हणतात ना, गोगलगाय आणि पोटात पाय. ती म्हण हिलाच शोभते.

19. दिवे मालवल्यावर दोन तासांनी लाल उजेडाची टॉर्च घेऊन बघ — दिवसा ही कणी क्लॅमच्या खवल्यांच्या मागे आणि बुडाखाली झोपलेली असते, रात्री वर येते.

20. क्लॅमवर बघायच्या जागा दोनच: वरची कड, जिथे रंगीत मांसल पडदा शिंपल्याला भेटतो, आणि खालचं भोक, जिथून तो धागे काढून दगडाला धरतो — सोंड तिथेच पोचते, बाकी सगळा किल्ला आहे.

21. टर्बो आणि ट्रोकसवर बघायचं तर शंखाच्या तोंडाची कड बघ. पांढऱ्या कण्या ओळीने बसलेल्या असतील, टोकं बाहेर आणि तोंडं आत — चरणारी गोगलगाय दुसरीच्या अंगावर अशी रांग लावून बसत नाही.

22. रात्री दिसली म्हणून गुन्हेगार ठरवू नकोस. रात्री फिरतो तो प्रत्येक चोर नसतो, कुणाच्या दारात थांबतो ते बघ — कोलोनिस्टा, स्टोमॅटेला, नॅसॅरियस ही सगळी सज्जन मंडळी रात्रीच कामाला निघतात.

23. सगळ्यात जास्त बळी जातो तो कोलोनिस्टाचा. तीही इवलीशी, पण गोल, जवळजवळ जेवढी उंच तेवढीच रुंद, आणि अंगावर तपकिरी ठिपके — पिरॅमिडेलिड मात्र उभट, निमुळती आणि बहुधा एकरंगी पांढरी.

24. सेरिथचं पिल्लूही उभट असतं, तिथे फसायला होतं. भिंगाखाली तोंड बघ: सेरिथच्या तोंडाच्या कडेला श्वासनळीसाठी छोटी खाच असते, पिरॅमिडेलिडचं तोंड बिनखाचेचं — दोघींत एवढाच फरक दिसला तरी पुरतो.

25. भिंग चांगलं असेल तर शेंडाही बघ. पिरॅमिडेलिडचा अगदी टोकाचा वेढा बाकीच्या शंखाच्या रांगेत नसतो, आडवा कललेला असतो — अळी असताना शंख एका बाजूला वळतो आणि मोठेपणी दुसऱ्या, त्याची ती खूण शेंड्यावर राहते.

26. तरीही खात्री होईना, तर कपात घाल. टँकचं पाणी, शेवाळाचा पातळ थर चढलेला काचेचा तुकडा आणि संशयित, बस. सकाळी काचेवर खाल्ल्याची वाट उमटली असेल तर ती निर्दोष — जिला दातच नाहीत ती चरणार कशाने?

27. स्टोमॅटेलाचा शंख नखाएवढा आणि मागे चपटा बसलेला, म्हणून ती अर्धवट मेलेली किंवा भलतीच काहीतरी वाटते. तिला सोडून दे — घाबरली की पायाचा तुकडा टाकून पळते, आणि शेवाळ ती ट्रोकसइतकंच मन लावून खाते.

28. पिरॅमिडेलिडची अंडी क्लॅमच्या शिंपल्यावरच असतात, खवल्यांच्या खाचेत, पारदर्शक जेलीचा छोटासा ठिपका. बोटाला बुळबुळीत लागतो, डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही — म्हणून दिसेल तेवढंच घासू नकोस, सगळा शिंपला घास.

29. दिवसा क्लॅमचा पडदा आक्रसलेला, तोंड वासलेलं, सावली पडली तरी मिटायला उशीर, असं दिसलं तर त्याच रात्री टॉर्च घे. टर्बो काचेवरून वारंवार गळून पडत असेल तरीही घे — पण आधी खारटपणा आणि तापमान मोजून बघ, कारण आजारी पाण्यातही हीच लक्षणं दिसतात.

उपाय आता. घाबरू नकोस, हे काम टूथब्रशचं आहे.

30. क्लॅम दगडाला धरून बसला असेल तर ओढू नकोस. खालचे धागे धारदार ब्लेडने दगडालगत काप — ओढलास तर धाग्यांबरोबर आतलं अंग फाटतं, आणि फाटलेला क्लॅम सहसा वाचत नाही.

31. टँकचंच पाणी घेतलेल्या बादलीत मऊ नवा टूथब्रश घेऊन शिंपला घास, मांसाला ब्रश लागू देऊ नकोस, खालच्या भोकाभोवती चिमट्याने एकेक कणी वेच. ते पाणी सिंकमध्ये ओत, टँकमध्ये नको — धुतलेली कणी परत घरी आली तर मेहनत कुणासाठी केली?

32. हेच आठवड्याच्या अंतराने पुन्हा कर, आणि सलग काही आठवडे एकही कणी दिसेनाशी होईपर्यंत कर. एकदा घासलं म्हणजे अर्धं घासलं — राहिलेली अंडी उबली की सगळं पहिल्यापासून.

33. टर्बो आणि ट्रोकसही त्याच दिवशी घास — क्लॅम स्वच्छ झाला आणि टर्बोवर वस्ती राहिली तर रात्रीत स्थलांतर होतं.

34. सहा पट्ट्यांचा रॅस किंवा पिवळा रॅस ठेव, दिवसा दडलेल्या कण्या तो टिपून खातो. पण त्याच्यावर सगळा भार टाकू नकोस — चोर कामाला निघतात तेव्हा पहारेकरी झोपलेला असतो, आणि क्लॅमच्या बुडाखाली त्याचं तोंड पोचत नाही. शिवाय सहा पट्ट्यांचा रॅस मोठा झाला की लहान माशांना पिटाळतो, तेव्हा तो आणायचाच तर सगळ्यात शेवटी आण.

35. तांब्याचं औषध रीफ टँकमध्ये कधीही, कशासाठीही घालू नकोस, "थोडंसंच" सुद्धा नको — ते चोर ओळखत नाही, तुझे कोरल, क्लॅम, कोळंबी सगळ्यांना एकाच दारातून बाहेर काढतं.

बाकीच्या चोरांची तेवढी तोंडओळख करून देतो. यांना वेचायला हातच पुरतात.

36. झोआंच्या गर्दीत तपकिरी-पांढऱ्या चौकटींची, चपट्या गोल जिन्यासारखी शंखी दिसली तर ती हेलिअ‍ॅकस. दिसायला सुरेख असते, ठेवून घ्यावीशी वाटते — पण ती झोआंखेरीज दुसरं काही खात नाही.

37. सन कोरलवर पिवळी-नारिंगी, कोरलच्याच रंगाची गोगलगाय आणि शेजारी पिवळ्या दाण्यांचे पुंजके, ही एपिटोनियमच्या कुळातली. रंगावर जाऊ नकोस, पोत बघ — कोरल मऊ असतं, ती कडक लागते.

38. कोरालिओफिला पोराइट्सच्या कुशीत महिनोन्‌महिने एकाच जागी बसून असते, जांभळट तोंडाची. हिची अंडी बाहेर शोधू नकोस — मादी ती शंखाच्या आतच सांभाळते, म्हणून एक मोठी काढलीस की कुटुंबच काढल्यासारखं आहे.

39. ड्रुपेला अ‍ॅक्रोपोरावर सापडली तर त्याच क्षणी बाहेर. 1980 च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या निंगालू रीफवर हिची संख्या बेसुमार वाढली आणि कोरलची मैदानं पांढरी पडली — तुझा टँक तर तीन हात लांब.

40. फ्लेमिंगो टंग नावाची ठिपकेदार कवडी कुणी भेट दिली तर आभार मानून परत कर. ते ठिपके शंखावर नसतात, वर चढलेल्या कातडीवर असतात — आणि कॅरिबियनमधले पंख्यासारखे गॉर्गोनियन मिळाले नाहीत तर ती उपाशी मरते.

41. दगडाला चिकटलेली वाकडी नळी आणि तिच्यातून पाण्यात सोडलेलं शेंबडासारखं जाळं, ते व्हर्मेटिडचं. ही कुणाचा रस शोषत नाही, तरी कोरलला जाच होतो — फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटापाशी संशोधकांनी मोजून पाहिलंय, जाळ्याखालच्या कोरलची वाढ खुंटते. नळी तोड आणि तोंडावर सुपरग्लूचा थेंब लाव.

हे सगळं टाळायचं असेल तर दारातच थांबवायला हवं. दार राखलं तर दिवाणखाना राखावा लागत नाही.

42. नवीन क्लॅम, टर्बो, फ्रॅग म्हणजे कोरलचा लावायचा तुकडा, जे काही येईल ते आधी वेगळ्या छोट्या टाकीत चार ते सहा आठवडे ठेव — आज न दिसणारं अंडं तेवढ्या वेळात उबतं आणि आपलं नाव सांगतं.

43. डिपवर विसंबू नकोस. गोगलगाय झाकण लावून घेते आणि वास जाईपर्यंत आत बसते, अंडी तर जागची हलत नाहीत — डिपनंतर भिंग आणि चिमटा लागतोच.

44. फ्रॅगबरोबर आलेला प्लग शक्य तेव्हा काढून टाक आणि कोरल स्वच्छ नव्या प्लगवर चिकटव — अंडी घालणारीला खालची, अंधारी, खडबडीत बाजू फार आवडते.

45. पिशवीतलं दुकानाचं पाणी टँकमध्ये ओतू नकोस. गोगलगाईंना थेंबथेंब पाणी देत निवांत सरावू दे — खारटपणाचा धक्का त्यांना माशांपेक्षा लवकर लागतो, आणि तो दोन दिवसांनी कळतो.

46. अस्ट्रियापेक्षा ट्रोकस घे — उलटी पडली तर ट्रोकस स्वतः सुलटी होते, अस्ट्रिया तशीच पडून खेकड्याची वाट बघते.

47. रात्री झोपण्यापूर्वी उलट्या पडलेल्या गोगलगाईंना सुलटं करून झोप. दहा सेकंदांचं काम — वाळूवर उताणी मेलेली एक मोठी टर्बो छोट्या टँकचं पाणी सकाळपर्यंत बिघडवू शकते.

आणि हे पुढचं मात्र मस्करीत घेऊ नकोस, तुझ्यासाठी लिहितोय.

48. झोआंतून काहीही वेचताना हातमोजे आणि चष्मा, दोन्ही. काही झोआंमध्ये, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं, हवाईतल्या अशाच जीवातून 1971 मध्ये ते वेगळं करण्यात आलं — कापलेल्या बोटातून किंवा डोळ्यात उडालेल्या थेंबातून ते अंगात जाऊ शकतं.

49. किडे मारायला दगड उकळण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस, ओव्हनही नको — त्या दगडावर झोआ असतील तर ते विष वाफेबरोबर घरभर होतं, आणि त्यात अख्खी कुटुंबं इस्पितळात गेलेली आहेत.

50. शंकूसारखी सुंदर, नक्षीदार शंखी दगडातून निघाली तर उघड्या हाताने उचलू नकोस, चिमट्याने डब्यात घाल. कोन स्नेलच्या सोंडेत विषारी बाण असतो — त्यांच्यातल्या एका जातीने माणसं मेलेली आहेत, आणि जात ओळखेपर्यंत सगळ्यांना सारखाच मान द्यावा.

51. दिवाळीला इकडे आलीस की मालवणला जाशील, बोटीतून खाली बघशील, ते खुशाल बघ. पण बॅगेत कोरलचा तुकडाही ठेवू नकोस, मेलेला, पांढरा, पायाखाली आलेला असला तरी नको — आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कोरल 2001 पासून संरक्षित आहेत, ट्रायडॅक्ना क्लॅमही, आणि विमानतळावर "सहज उचललं" हे उत्तर चालत नाही.

52. तू नसताना टँक बघणाऱ्याला खाद्याच्या रोजच्या पुड्या बांधून दे, आणि "नवीन काही आत टाकायचं नाही" असं कागदावर लिहून टाकीवर चिकटव — प्रेमाने भेट म्हणून आणलेली एक गोगलगाय तुझ्या सहा आठवड्यांच्या टाकीला वळसा घालून आत जाते.

53. ट्रोकसची पिल्लं जास्त झाली की मैत्रिणींना वाट, पण देण्याआधी प्रत्येकीच्या शंखाची कड भिंगाखाली बघ, आणि तुझ्याकडे पूर्वी कण्या निघाल्या होत्या हे घेणारीला आधीच सांग — मग तीही तुला सांगेल, आणि तिच्याकडून येणारा फ्रॅग तू निर्धास्त घेशील.